देवळाच्या पाटीवर साल कुठलं लिहायचं? १५९७ की १८९७?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं पाककृती वाचते आणि गुपचूप निघून जाते. आज अडलेय म्हणून लिहितेय. घाईही आहे, कारण ३ मेच्या आत एका पाटीवर साल कोरायचंय आणि ते कुठलं यावरून आमच्या आजोळी दोन तट पडलेत.

आजोळ मुंबईत, मार्वेच्या खाडीपलीकडे. बोटीनं मनोरीला उतरायचं, रिक्षा करायची, पुढं दहा मिनिटं पायी. आम्ही ईस्ट इंडियन. (म्हणजे इथलेच, साष्टीचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. नाव १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलेलं. बंगालचा काही संबंध नाही, हे ऑफिसात दर वेळी सांगावं लागतं.) आमच्या पाड्यावर एक चॅपल आहे. गावात त्याला देऊळच म्हणतात. लग्नं, बाप्तिस्मे, मर्तिकं होतात ते मोठं चर्च वेगळं, दोन किलोमीटरवर. आमच्या देवळात फादर येतात ते सणाच्या मिस्सेला. बाकी ऑक्टोबरात संध्याकाळी बायका रोझरी म्हणतात, आणि वर्षभर कुणी ना कुणी मेणबत्ती लावून जातं. किल्ली आमच्या मामाकडे.

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन मी टेप लावून मापं घेतली. आतून लांबी ३१ फूट, रुंदी १७. खिडकीच्या उंबऱ्यात भिंत २२ इंच भरली. दोन्ही बाजूंना दोन-दोन खिडक्या, वर मंगलोरी कौलं, आत लाकडी कैच्या (छपराला पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी). दर्शनी भिंत मात्र छपरापेक्षा चांगली चार फूट उंच चढवलेली. दोन्ही खांद्यांवर शंखासारखे वळसे, मधोमध गोल झरोका, टोकाला लहानसा क्रूस. समोरून पाहिलं तर चर्च, बाजूनं पाहिलं तर कुणाचं तरी घर. पुढं लाकडी खांबांची पडवी आहे, तिच्यावर आता पत्रा.

आत मागच्या भिंतीशी दगडी खुरूस, म्हणजे क्रूस, उभा आहे. लाकडी आल्तार (वेदी) वगैरे काही नाही. खुरसाचा चौथरा हाच आल्तार, अगदी तुळशीवृंदावनासारखा, आणि त्यात मेणबत्तीसाठी एक कोनाडा. चौथऱ्यावर लेसचं कापड असतं. ते उचललं की खाली चार ओळींचा लेख दिसतो. लिपी रोमन, भाषा बहुधा पोर्तुगीज. 'क्रूझ' वाचता येतं, 'पोवो' वाचता येतं, शेवटच्या ओळीत 'आन्नो' आणि पुढं चार आकडे.

भांडण त्या आकड्यांचं. दर डिसेंबरला नाताळाआधी कुणीतरी चौथऱ्याला निळा ऑइलपेंट देतं आणि अक्षरांत सोनेरी भरतं. इतक्या वर्षांचे थर बसून अक्षरं जिलेबीसारखी फुगलीत. पहिला आकडा एक, तिसरा नऊ, चौथा सात. दुसरा आकडा? मामा म्हणतो पाच. "अगो, ह्यो देऊल फिरंग्याचे टायमाचा हाय, लिवलंय ना फिरंग्याचे भाषेन." आणि त्याचं अगदीच चुकीचं आहे असं म्हणवतही नाही. आमच्या अलीकडचं एरंगळचं सेंट बोनाव्हेंचर चर्च १५७५चं, मग आमचं १५९७चं का नसावं? मला तो आकडा आठ वाटतो. पण ऐन दुपारी, घामाघूम होऊन, गुडघ्यावर बसून वाटलेलं.

समितीतल्या पोरांनी काळ्या ग्रॅनाइटची पाटी सांगून टाकलीय. 'स्थापना १५९७'. शिवाय सणाच्या आधी दुरुस्ती: आतून सिमेंटचं प्लास्टर, वर पीओपी, खिडक्यांना सरकत्या काचा. ओल फार आहे हे खरं. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कंत्राटदारानं डावी भिंत सिमेंटनं करून दिली होती, तीच आज सगळ्यात जास्त फुगलीय. आता म्हणतात उरलेल्याही तशाच करू, म्हणजे एकसारख्या दिसतील.

मी मराठी शाळेत भाषा शिकवते. इमारतीतलं मला काही कळत नाही, आणि पोर्तुगीजमधलं 'ओब्रिगादो' सोडून काही येत नाही. पण मामा म्हणाला, "तू मास्तरीण ना, मग कागदान लिवून दे." तर सांगा, देवळाचं वय ठरवायचं कसं?

चुनाघाणी

ताई, साल सापडेल तेव्हा सापडेल. आधी प्लास्टरवाल्याला फोन करून थांबवा. मग पुढचं वाचा.

माझी ३० वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर सुपरवायझर म्हणून गेली. देवळं, वाडे, चाळी, दोन-तीन चर्चं. लेखात काय लिहिलंय ते विद्वान सांगतील. मी भिंत काय सांगते ते सांगतो.

कौलांपासून सुरुवात करा. मंगलोरी कौल हे यंत्रावर दाबून केलेलं कौल. बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, त्याआधी ही वस्तूच नव्हती. त्यापूर्वी सगळीकडे कुंभाराची नळीची कौलं. म्हणजे तुमचं आजचं छप्पर काही केल्या १५९७चं नाही. छप्पर बदललं असेल, हा मुद्दा मामा काढतीलच, आणि तो बरोबर आहे. म्हणून कौल उलटं करून पाहा. पोटाला कारखान्याचं नाव उठावात असतं. बासेल मिशनचं नाव निघालं तर पहिल्या महायुद्धाच्या आधीचा माल समजा, कारण युद्धात इंग्रजांनी ते कारखाने काढून घेतले आणि पुढं ते कॉमनवेल्थ ट्रस्टच्या नावानं चालले. एक कौल पाहून निकाल देऊ नका. फुटकी कौलं दर पावसाळ्याआधी बदलतात, दहा ठिकाणची दहा पाहा. मुलाला चढवा, स्वतः चढू नका.

दुसरं. कैचीच्या वर, त्रिकोणी भिंतीच्या आतल्या अंगाला टॉर्च मारा. जुनं छप्पर वेगळ्या उताराचं असेल तर त्याचा तिरका व्रण गिलाव्यात राहतो. चुनेवाला गवंडी तो सहसा मिटवत नाही, वर कोण बघतंय म्हणून.

तिसरं, दर्शनी भिंत. तुम्ही म्हणता ती छपराहून चार फूट उंच. अशी भिंत पुष्कळदा नंतर लावलेली असते. गावाकडे चार पैसे आले की आधी तोंड सजवतात, माणसंही तेच करतात. ती बाजूच्या भिंतीला जिथं मिळते तिथं पाहा. दगड एकमेकांत गुंतलेत की सरळ उभी फट वरून खाली आलीय? फट असेल तर दोन वेळची कामं.

चौथं, गिलावा. सिमेंट न लागलेल्या भिंतीवर नखानं खरवडा. पांढरी पूड आली, मधे शिंपल्याचे कण चमकले, तर खाडीकाठचा चुना. शिंपले भाजून करायचे. भट्टीतून काढून भिजवायचा, मुरवायचा, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी आणि हिरडा. बेलफळाचा गर घालणारेही होते. या चुन्यानं साल कळत नाही हेही सांगून ठेवतो. पोर्तुगीजांनीही हाच वापरला आणि माझ्या आज्यानंही.

आता ओलीचं. दगड-चुन्याची भिंत जोत्यातून पाणी वर ओढते, खाडीकाठी तर खारं पाणी. चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेर निघून जातं. वरून सिमेंट फासलं की त्याची वाट बंद. मग ते आणखी वर चढतं, आत मीठ साठतं, खार फुटतो आणि सिमेंटचा पापुद्रा फुगून पडतो, पडताना दगडाची साल घेऊन. तुमची डावी भिंत हेच सांगतेय. उरलेल्या तीन 'एकसारख्या' करायच्या असतील तर खुशाल करा, चारी एकसारख्या फुगतील.

वसईवाला

चुनाघाणी काकांशी सहमत. मी इतिहासाच्या बाजूनं थोडं.

ताई, तुमच्या मामांचा सगळा भर 'लेख फिरंगी भाषेत म्हणून देऊळ फिरंगी काळातलं' यावर दिसतो. हा गैरसमज आमच्या वसईतही घरोघरी आहे. १५३४च्या तहानं वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेतली, १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. राज्य गेलं. पण पाद्री नेमायचा पोर्तुगालच्या राजाचा हक्क, ज्याला पाद्रुआदो म्हणतात, तो गेला नाही. रोमनं स्वतःचे पाद्री पाठवायला सुरुवात केली, त्यांची ती प्रोपगंडा. मग इंग्रजांच्या मुंबईत दोन-दोन बिशपांचा कारभार आणि एकाच गावात दोन-दोन चर्चं. बांद्र्यात सेंट अँड्र्यूज पाद्रुआदोचं, सेंट पीटर्स प्रोपगंडाचं. घराघरांत भांडणं झालीत यावरून.

१८८६ मध्ये दमणचा वेगळा धर्मप्रांत निघाला आणि साष्टीची पाद्रुआदोवाली चर्चं त्याच्याकडे गेली. तो १९२८ पर्यंत चालला. म्हणजे १८९७ मध्ये राणी इंग्रजांची, तलाठी ठाणे जिल्ह्याचा, आणि फादर पुष्कळदा गोव्याचे, पोर्तुगीज शिकलेले. चर्चच्या वह्या पोर्तुगीजमध्ये. गावानं खुरूस उभारला आणि फादरांना म्हटलं, चार ओळी लिहून द्या, तर ते कुठल्या भाषेत लिहून देणार? त्यामुळं भाषा बघून काळ ठरवता येत नाही. १५९७लाही पोर्तुगीज, १८९७लाही पोर्तुगीज.

१८९७ हे साल मात्र मला फार ओळखीचं वाटतं. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. काही महिन्यांत लोक शहर सोडून पळायला लागले आणि पळताना रोग उपनगरांत घेऊन आले. साष्टीतल्या गावठाणांत वेशीवर, विहिरीशी, तिठ्यावर जे खुरूस दिसतात त्यांतल्या पुष्कळांवर १८९६ आणि पुढच्या पाच-सात वर्षांतली सालं आहेत. नवस होता तो. आमच्या गावात प्लेग येऊ देऊ नकोस, किंवा आलाय तो थांबव. खुरसापुढं गाव जमायचं आणि रोज संध्याकाळी प्रार्थना म्हणायचं. प्लेग सरला तरी सवय राहिली. मग पावसात भिजायला नको म्हणून वर झावळ्यांचा मांडव, मग कुड, मग कौलं. पुष्कळ पाड्यांवरची छोटी देवळं अशी खुरसाभोवती वाढलेली आहेत. तुमच्याकडे वेगळा आल्तार नाही, चौथराच आल्तार, हे वाचूनच मला तसं वाटलं.

देवळाचं तोंड कुठं आहे? जुन्या पद्धतीनं आल्तार पूर्वेला, म्हणजे तोंड पश्चिमेला, ठेवायचा रिवाज. खुरसाभोवती वाढलेलं देऊळ मात्र खुरूस जिकडं पाहतो तिकडंच पाहतं, मग ती वाट असो की विहीर.

सण कधी असतो तेही लिहा. ३ मेच्या आसपास असेल तर तो पूर्वी खुरूस सापडल्याचा सण म्हणून पाळायचे. गावोगावच्या खुरसांचे सण मे महिन्यात येतात ते म्हणूनच.

आणि एकदा बांद्र्याला सेंट अँड्र्यूजच्या आवारातला खुरूस बघून या. एका दगडातला, माणसाच्या तिप्पट उंच, अंगभर येशूच्या दुःखसहनाची चिन्हं कोरलेली. तो पाहून आलात की आपला खुरूस त्या वंशातला आहे का, ते डोळ्यांनीच कळेल.

निवांत_बाइकवाला

विषयांतर होतंय, पण मार्वे-मनोरी बोटीत बाइक घेतात का अजून? आणि तिथं बोंबील सुकवतात ते पाहायला कुठल्या महिन्यात जावं?

शिलालेख_वेडा

@निवांत_बाइकवाला, बाइक घेतात. बोंबलांसाठी वेगळा धागा काढ रे बाबा.

ताई, मी गधेगळी आणि वीरगळांच्या (जुन्या कोरीव शिळांच्या) मागे हिंडणारा माणूस, पोर्तुगीज लेख दोन-चारच पाहिलेत. पण दगड तो दगड. रंग खरवडू नका. तारेचा ब्रश तर नकोच, गॅसच्या ज्योतीनं जाळणं त्याहून नको. आपल्याकडे दगड साफ करताना जेवढे लेख गेलेत तेवढे पावसानं गेले नसतील.

रात्री जा. सगळे दिवे बंद करा. मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग खालून. खोल भागात सावली साठते आणि रंगाचे थर असले तरी टाकीचा मूळ घाव उठून दिसतो. प्रत्येक बाजूचा फोटो काढा. मग बटरपेपर चिकटपट्टीनं ताणून लावा आणि मुलांच्या मेणखडूची आडवी बाजू हलक्या हातानं फिरवा.

पाच आणि आठ यांत काय पाहायचं: पाचाला वर आडवी रेघ आणि डावीकडे कोपरा असतो. आठाला कुठंच कोपरा नाही. दुसरं, खालच्या पोटाची डावी बाजू. पाचात ती उघडी, आठात बंद. सोनेरी रंगवाल्यानं बंद असलेली उघडी केली असेल तर रंग सपाट दगडावर दिसेल आणि घाव रंगाच्या बाहेर. फक्त सोनेरीवर विश्वास ठेवू नका. तो माणूस दर वर्षी मागच्या वर्षीच्या रंगावरून गिरवत आलाय, दगडावरून नाही.

खाडीपलीकडची

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू. शनिवारी मुक्कामालाच गेले. एकेक सांगते.

आधी टॉर्च. रात्री नऊला मामा, भाचा, मी आणि समितीतली दोन पोरं. मामा खुर्ची घेऊन बसला होता, निकाल ऐकायला बसतात तसा. दिवे घालवले आणि भाच्यानं डावीकडून टॉर्च धरला. सोनेरी रंग एकदम फिका पडला आणि त्याच्या खालून दुसरंच अक्षर वर आल्यासारखं झालं. दोन गोल. वरचा लहान, खालचा मोठा, आणि खालच्याची डावी बाजू पूर्ण बंद. सोनेरी रंग तिथं अर्ध्या बोटाएवढा आत सरकलेला, मूळ घाव बाहेर रिकामा, नुसता निळा. कोपरा कुठंही नाही. मेणखडूनं कागदावर घेतलं तेव्हा तर शंकाच उरली नाही. आठ.

मामा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रंग मीच देतो ना. वीस वरसां." मला काय बोलावं सुचेना. भाचा हसायला लागला तर त्याला मी चिमटा काढला.

कागदावर बाकीची अक्षरंही स्वच्छ आली. शाळेतल्या एका बाईंची बहीण गोव्यात असते, तिच्या सासूबाईंना फोनवर अक्षर-अक्षर सांगितलं. मधली ओळ 'फैता पेलो पोवो', म्हणजे लोकांनी केलेला. पुढं 'देश्ता आल्देआ', या गावच्या. फादरांचं नाव नाही, राजाचं नाही, कुणा धनिकाचं नाही. एवढंच, या गावच्या लोकांनी केलेला खुरूस, साल १८९७. प्लेगाचा शब्द लेखात नाही, वसईवाला दादा. पण मोठ्या मावशीला विचारलं. ती ८८ वर्षांची, मामाची थोरली बहीण. तिनं विचार न करता सांगितलं, "गाठीचे तापाचा खुरूस." तिच्या आजीच्या तोंडी हेच नाव होतं म्हणे. मी चाळीस वर्षं त्या देवळात जातेय, हे नाव मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

देवळाचं तोंड पश्चिमेला नाही, दक्षिणेला आहे. समोर गावची जुनी विहीर. लग्नात 'उंबराचं पाणी' आणायला वाजतगाजत जातो तीच.

कौलं: भाच्यानं अकरा उलटी केली. तीन प्रकारची निघाली. चारांवर बासेल मिशन. ती सगळी मागच्या बाजूला, खुरसाच्या डोक्यावर. पुढच्या भागात एकही नाही. आणि मागच्या त्रिकोणी भिंतीच्या आत, काका, तुम्ही म्हणालात तसा व्रण आहे! आत्ताच्या छपराच्या हातभर खाली, दोन्हीकडून उतरत गेलेली गिलाव्याची रेघ, तिच्यावर काजळी आणि खाली पांढरं. तिथं मी नुसती बघत उभी राहिले. त्या रेघेइतकंच देऊळ होतं एके काळी. खुरूस आणि वर बेताचं छप्पर, पंधरा माणसं मावतील एवढं.

दर्शनी भिंतीला उजवीकडे उभी फट आहे, वरपासून जोत्यापर्यंत, पोस्टकार्ड आत जातं. डावीकडे सिमेंट असल्यानं दिसत नाही. मावशी म्हणते तिच्या बापानं आणि आणखी दोघांनी मचव्यातून दगड आणले 'दर्शनासाठी'. ती तेव्हा जन्मली नव्हती.

आणि घंटा. मी पहिल्यांदा लिहायला विसरले, कारण घंटा नाहीये. पडवीत रुळाचा हातभर तुकडा टांगलाय, तोच बडवतात. भाच्यानं गंज पुसला तर कडेला उठावात १९१२ निघालं. पोरं लगेच म्हणाली, मग हेच साल टाकू!

चुनाघाणी

रुळावरचं साल म्हणजे रूळ कारखान्यात तयार झाला ते साल. तो रेल्वेखाली किती वर्षं झिजला आणि भंगारात कधी आला, कुणाला ठाऊक. एवढंच म्हणता येईल की १९१२च्या आधी त्या देवळात तो वाजला नाही.

बाकी ताई, तुम्ही कमाल केलीत. मागच्या बाजूला बासेल मिशन आणि वर जुन्या छपराचा व्रण, म्हणजे छप्पर उचलून उंच केलं तेव्हा जुनी कौलं मागं वापरली आणि पुढं वाढवलेल्या भागाला नवी आणली असावीत. खात्री करायची असेल तर बाजूच्या भिंतीत, पुढच्या दोन खिडक्यांच्या आसपास, जोत्याचे दगड बघा. मागच्या भागाशी थर जुळतात की तिथंही सांधा आहे?

फट पोस्टकार्डाएवढी आहे तर घाबरू नका, पण लक्ष ठेवा. फटीवर काचेची पट्टी प्लास्टरनं दोन्ही टोकांना चिकटवा आणि तारीख लिहा. पावसाळ्यानंतर काच तडकली तर भिंत चालतेय. मग माणूस बोलवावा लागेल. पीओपी केलंत तर यातलं काही दिसणार नाही, आणि वाळवी कैचीत शिरली तर कळेल ते छप्पर खाली आल्यावर.

वसईवाला

'गाठीचा ताप'! आमच्याकडे म्हाताऱ्या बायका हाच शब्द वापरत.

मोठ्या चर्चमध्ये १८९६ ते १९०० च्या मृत्यूच्या वह्या मागून पाहा. पोर्तुगीजमध्ये असतील. 'पेश्त' एवढा एक शब्द ओळखता आला तरी पाड्यावरची किती माणसं गेली ते मोजता येईल. फादरांना आधी फोन करा आणि त्यांच्या समोर बसूनच बघा. पानं फार नाजूक असतात.

खाडीपलीकडची

जोत्याला सांधा आहे, काका. पुढच्या खिडकीच्या अलीकडे, बरोबर ११ फुटांवर. मागचे दगड ओबडधोबड, पुढचे घडीव. म्हणजे खुरूस एकदा, लहान देऊळ एकदा, लांब देऊळ एकदा, आणि तोंड शेवटी (किंवा लांब देवळाबरोबरच, ते मला ठरवता आलं नाही). १५९७च्या नादात आम्ही चार पिढ्यांचं काम एका सालात कोंबायला निघालो होतो.

फादरांना फोन केला. सणानंतर या म्हणाले.

समितीची बैठक काल झाली. सिमेंट यंदापुरतं थांबलं, कायमचं नाही. पीओपीही थांबलं, पण ते माझ्यामुळं नाही, पैसे कमी पडले म्हणून. सरकत्या काचा होणार, त्यावर कुणी ऐकत नाही. खुरसाच्या चौथऱ्याला यंदा नवा रंग नाही, हे मामानं स्वतः सांगितलं. पोरं जरा हिरमुसली. १५९७ म्हटलं असतं तर एरंगळच्या जोडीला बसलो असतो, असं एक जण म्हणाला. त्याला मावशी म्हणाली, "एरंगलचा साधूंनी बांदला. आपला आपुन बांदला." त्यावर तो गप्प झाला.

पाटीवाल्याला मजकूर बदलून दिलाय. ग्रॅनाइट आधीच कापला होता, त्यामुळं दोन ओळींचीच जागा. मी लिहून दिलं: 'गाठीच्या तापाचा खुरूस, १८९७. देऊळ गावानं पुढं थोडं थोडं करून बांधलं.'

मामानं कागद चष्म्यासमोर धरून दोनदा वाचला आणि म्हणाला, "थोडा थोडा म्हंजे कवा, त्या लिव की."